टोपलीतला नाग आजारी पडतो तेव्हा

मागच्या पावसाळ्यात रात्री साडेदहाला एक फोन आला. घाटंजी तालुक्यातल्या एका गावचा पोरगा. आवाज दबलेला.

"काका, माह्याजवळ नाग हाय. वीस दिवस झाले. आता खाऊन नाही राह्यला. तोंड सुजलं त्याचं, फेस येऊन राह्यला. काय करू?"

मी विचारलं, वनविभागाला का नाही कळवलंस? थोडा वेळ तिकडून काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "मले आत टाकतीन ना."

मी काही सर्पमित्र नाही, डॉक्टर तर नाहीच. पण आपल्या भागातल्या गारुड्यांच्या जुन्या वस्त्यांवर दोन-चार वेळा लिहिलं, तेव्हापासून असे फोन येतात. त्या रात्री काय झालं ते शेवटी सांगतो. आधी मागे जाऊ, कारण त्या पोराच्या भीतीला आणि त्या नागाच्या सुजलेल्या तोंडाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

माझ्या लहानपणी नागपंचमीला गारुडी यायचा. खांद्यावर कावड, दोन्ही बाजूंना वेताच्या टोपल्या. आई वाटीभर दूध, पायली-अर्धी पायली ज्वारी आणि एखादं जुनं लुगडं द्यायची. नाग फणा काढायचा, दुधात तोंड घालायचा आणि आम्ही हात जोडायचो. देव दूध प्यायला!

तो का पीत होता हे पुष्कळ वर्षांनी एका म्हाताऱ्या गारुड्याने मला सांगितलं. पंचमीच्या आधी कित्येक दिवस त्याला पाण्याचा थेंब देत नसत. तहानेने व्याकूळ झालेला साप समोर येईल ते पितो. दूध सापाला पचत नाही. शिवाय सापाची श्वासनळी तोंडातच पुढे उघडते. जबरदस्तीने पाजलेलं दूध तिच्यात गेलं की फुफ्फुसात. आणि नागाचं काम चालतं ते मुख्यतः एकाच, उजव्या फुफ्फुसावर. ते भरलं की न्यूमोनिया.

दातांचं तर विचारूच नका. पकडीने विषदंत उपटायचे, कधी विषाची ग्रंथी डागायची, कधी तोंडच दोऱ्याने शिवायचं. जखम चिघळते, हिरड्यांत पू होतो, साप भक्ष्य गिळू शकत नाही. म्हातारा म्हणाला, "दात काढला का नाग दोन महिन्याचा पाहुणा. मंग नवा धरा." म्हणजे आपण ज्याला हळद-कुंकू वाहत होतो तो देव बहुतेक वेळा अत्यवस्थ रुग्ण होता. आम्हाला ते दिसलं नाही, कारण साप कण्हत नाही.

आता सरकारकडे बघा. आपल्या जिल्ह्याचं नाव 'वूण' होतं त्या काळात, म्हणजे १९०५ च्या आधी, इंग्रज सरकार मेलेल्या सापामागे बक्षीस द्यायचं. सर्पदंशाने किती माणसं मेली, किती साप मारले, किती पैसे वाटले, याचे आकडे दरवर्षी छापले जायचे. जोसेफ फेरर या डॉक्टरने भारतातल्या विषारी सापांवरचा मोठा ग्रंथ १८७२ मध्ये काढला. त्याच्या प्रयोगांसाठी साप हाताळणारे हात मात्र आपल्याच गारुड्यांचे होते. नाव साहेबाचं झालं, जोखीम टोपलीवाल्याची राहिली.

मग १८९० च्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत याने नागाच्या विषावर लस बनवली आणि चित्र पालटलं. घोड्याला थोडं थोडं विष टोचायचं, त्याच्या रक्तात प्रतिकार तयार झाला की त्यातून औषध काढायचं. पण त्यासाठी विष पाहिजे, आणि विषासाठी जिवंत साप. मेलेल्या सापाचं बक्षीस देणाऱ्या सरकारला आता साप जगवायची गरज पडली!

मुंबईत १८९६ ला प्लेग आला, तेव्हा हाफकिन यांची प्रयोगशाळा सुरू झाली. १८९९ मध्ये ती परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि १९२५ ला तिचं नाव हाफकिन इन्स्टिट्यूट झालं. पुढे तिथं सर्पालय उभं राहिलं. पी. जे. देवरस यांनी तिथल्या सापांच्या, त्यांच्यापासून मिळणाऱ्या विषाच्या नोंदी ठेवल्या. त्यांचं 'स्नेक्स ऑफ इंडिया' हे पुस्तक १९६५ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने छापलं. पिंजऱ्यातला विषारी साप काय खातो, किती दिवस जगतो, कशाने मरतो, हे प्रश्न आपल्या राज्यात अशा जागी वहीत उतरायला लागले. कारण भूतदया नव्हती, गरज होती. आज आपल्या कापसाच्या शेतात नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसं चावलं की सरकारी दवाखान्यात जी लस टोचतात, ती या चारही सापांवर चालते. ती अशाच जगवलेल्या सापांच्या विषातून बनते. म्हणजे आपल्यातले कितीतरी शेतकरी, वेचणीला जाणाऱ्या बाया कोणत्या तरी निरोगी सापामुळे जिवंत आहेत. हे कधी लक्षात येतं का आपल्या?

१९७२ ला वन्यजीव संरक्षण कायदा आला. नाग बाळगणं, त्याचे खेळ करणं गुन्हा झाला. २०२२ च्या दुरुस्तीने तर नाग पहिल्या अनुसूचीत गेला, आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. कायदा बरोबरच आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण कायद्याने टोपली काढून घेतली, तेव्हा टोपलीवाल्याच्या हातात काय दिलं? गारुडी समाज भटक्या जमातींच्या यादीत आहे, दाखला मिळतो. पण साप ओळखायची, धरायची पिढ्यान् पिढ्यांची विद्या वाऱ्यावर गेली. तामिळनाडूत १९७८ मध्ये इरुळा आदिवासींची सहकारी संस्था निघाली. ते साप धरतात, विष काढतात आणि सापाला पुन्हा सोडून देतात. आपल्याकडे असं का झालं नसेल?

त्याच सुमारास सापाबद्दलचं आकर्षणही बदलत होतं. १९८० मध्ये पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काचेच्या खोलीत राहिले. साप उगाच चावत नाही हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. गावोगाव सर्पमित्र तयार झाले, त्यातल्या बहुतेकांनी मोलाचं काम केलं. पण काहींना नुसता फोटो हवा होता. टोपलीची जागा प्लास्टिकच्या बरणीने घेतली आणि पुंगीची मोबाईलने. आतला नाग तसाच तहानलेला.

खरा उपचार कसा होतो? विषारी सापाचं डोकं आधी पारदर्शक नळीत घेतात, म्हणजे डॉक्टर सुरक्षित आणि साप शांत. साप थंड रक्ताचा, म्हणून आधी ऊब. ऊब नसेल तर औषधही नीट लागू पडत नाही. मग पाणी, गरज पडली तर सुईने. तोंडातला पू काढून जंतुनाशकाने धुणं. प्रतिजैविक सुई शरीराच्या पुढच्या भागात देतात, कारण मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडाकडे जातं. काही औषधं तर तीन दिवसांतून एकदाच, इतकं त्याचं शरीर सावकाश चालतं. आणि जवळ माणसासाठी सर्पदंशाची लस उपलब्ध असल्याशिवाय यातलं काहीच करायचं नाही. हे काम नागपूरला सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये होतं. यवतमाळहून दीडशे किलोमीटर. टिपेश्वर आणि पैनगंगा अशी दोन अभयारण्यं असलेल्या जिल्ह्याला एवढ्या लांब जावं लागतं.

आता ती रात्र. मी पोराला सांगितलं, बरणीला हात लावू नको, तोंड उघडायला जाऊ नको, दूध-अंडं काही पाजू नको. बरणी कोरड्या, उबदार, अंधाऱ्या जागी ठेव. वनविभागाचा १९२६ नंबर लाव, तुझ्यासोबत मी थांबतो. तो घाबरत होता. ओळखीच्या तीन जनावरांच्या डॉक्टरांना फोन केले. एकाने उचलला नाही, दोघे म्हणाले, विषारी साप आम्ही घेत नाही. त्यांना तरी कसा दोष द्यावा? त्यांना कधी कोणी शिकवलंच नाही.

पोराने १९२६ लावला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. वनरक्षक पहाटे आला, शिव्या न देता नाग पेटीत घेऊन नागपूरला निघाला. नाग वाटेतच मेला. पोराने मला नंतर एकच प्रश्न विचारला, "पहिल्याच दिवशी फोन केला असता तं वाचला असता का?" मी हो म्हणालो. खोटं बोलावंसं वाटलं नाही.

माझं मागणं मोठं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी एक उबदार खोली, विषारी साप हाताळायला शिकलेला एक पशुवैद्यक, आणि त्याच्या मदतीला मानधनावर दोन माणसं, शक्य असेल तर गारुड्यांच्याच घरातली. आणि धरलेला साप स्वतःहून आणून देणाऱ्या पोराशी आधी बोलावं, मग कागद काढावा.

तोवर तुमच्या गावात कोणाच्या बरणीत नाग असेल, तर आज रात्रीच १९२६ लावा. वीस दिवस थांबू नका.