गुणाकडून रूपाकडे : चीनच्या राजवाड्यातील पेकिनीज

चपट्या तोंडाचा, लांब केसांचा आणि पुढचे पाय किंचित बाकदार असलेला पेकिनीज हा कुत्रा आज जगभर निव्वळ सोबतीसाठी पाळला जातो. राखण, शिकार किंवा गुरे वळणे यांपैकी कोणतेच काम त्याच्याकडून अपेक्षित नसते. त्यामुळे राजवाड्यातील छोटा कुत्रा हा पहिल्यापासून शोभेचाच प्राणी होता असा समज सहज होतो. चिनी साधने मात्र काही वेगळे सांगतात. त्यांतील जुने उल्लेख कुत्र्याच्या रूपाचे नसून त्याला शिकवलेल्या करामतींचे आहेत, आणि पुढे शिकवणीचे महत्त्व ओसरून चेहऱ्यामोहऱ्याचे महत्त्व वाढत गेले, हाच या जातीच्या इतिहासाचा मुख्य ओघ आहे.

तांग राजवंशाच्या अधिकृत इतिहासात इ.स. 624 सालची एक नोंद आढळते. रेशीम मार्गावर, तुर्फानजवळ असलेल्या काओचांग या छोट्या राज्याच्या राजाने सम्राट काओत्सूला एक नर व एक मादी अशी कुत्र्यांची जोडी नजर केली. त्यांची उंची सहा चिनी इंच आणि लांबी एक चिनी फुटाहून थोडी अधिक, म्हणजे आजच्या मापाने साधारण 18 सेंटिमीटर व 30 सेंटिमीटर, अशी दिली आहे. परंतु नोंद करणाऱ्याला खरे कौतुक वाटले ते या जोडीच्या हुशारीचे, कारण ही कुत्री लगाम तोंडात धरून घोड्याला चालवत आणि जळती मेणबत्ती तोंडात धरून ठेवत. ती ‘फूलिन’ देशातून, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या मुलुखातून, आली असे त्या नोंदीत म्हटले आहे. त्यांना आजच्या पेकिनीजचे थेट पूर्वज ठरवणे धाडसाचे होईल. मात्र ज्योत डोळ्यांपाशी असताना जनावराने जबडा सैल न करता स्तब्ध राहणे ही उपजत गोष्ट नव्हे, आणि त्यामागे कोणाचे तरी दीर्घ परिश्रम असले पाहिजेत, इतके निश्चित म्हणता येते. त्या शिक्षकाचे नाव इतिहासकाराने टिपलेले नाही; नजराणा पाठवणाऱ्याचे आणि स्वीकारणाऱ्याचे तेवढे टिपले आहे.

याच राजवंशातील सम्राट श्वानत्सुंग याची लाडकी यांग क्वेइफेइ हिच्याकडे समरकंदहून आलेला एक छोटा कुत्रा होता, अशी कथा नवव्या शतकातील त्वान छंगशी या ग्रंथकाराने दिली आहे. सम्राट पटावर हरू लागला तेव्हा तिने कुत्र्याला पटावर सोडले, सोंगट्या विस्कटल्या आणि सम्राट खूश झाला. यात कौशल्य कुत्र्याचे की त्याला नेमक्या क्षणी सोडणारीचे, हे वाचकाने ठरवावे. चौ फांग या चित्रकाराच्या नावावर असलेल्या, आणि आता षन्यांग येथील ल्याओनिंग संग्रहालयात ठेवलेल्या, दरबारी स्त्रियांच्या चित्रातही अशी छोटी कुत्री दिसतात. त्यांतील एकाला एक स्त्री हातातील चवरी हलवून खेळवते आहे.

रूपाला महत्त्व येण्यामागे बौद्ध धर्माचा वाटा मोठा आहे. सिंह हा बुद्धाशी निगडित प्राणी आणि मंजुश्री बोधिसत्त्वाचे वाहन. परंतु चीनमध्ये सिंह आढळत नसल्यामुळे तो शिल्पांतून आणि कल्पनेतूनच घडला, आणि त्या कल्पनेशी जुळणारे कुत्रे मोलाचे ठरू लागले. तिबेटी बौद्ध परंपरेत मांचू वंशाच्या छिंग सम्राटांना मंजुश्रीचा अवतार मानले जात असल्याने या वंशाच्या काळात (1644–1911) सिंहासारख्या कुत्र्याला राजकीय अर्थही चिकटला. मानेभोवती आयाळ, रुंद छाती, मागे निमुळते होत जाणारे अंग आणि पसरट तोंड ही लक्षणे पिढ्यान्‌पिढ्या निवडून जोपासली गेली. बादशाही कारभारात कुत्र्यांसाठी स्वतंत्र खाते होते, पण त्याचा भर शिकारी कुत्र्यांवर होता; अंतःपुरातील छोट्या कुत्र्यांचे संगोपन, जोड्या लावणे, विण्याच्या वेळी मादीजवळ बसणे ही कामे खोजांकडे, म्हणजे राजवाड्यातील खच्ची केलेल्या सेवकांकडे होती.

या संगोपनाचे सर्वांत जिवंत वर्णन अमेरिकन चित्रकर्ती कॅथरीन कार्ल हिने केले आहे. राजमाता त्सू शी हिचे चित्र काढण्यासाठी ती 1903 मध्ये पेकिंगच्या राजवाड्यात राहिली होती, आणि तिचे पुस्तक 1905 मध्ये प्रसिद्ध झाले. कुत्र्यांसाठी संगमरवरी फरशीची स्वतंत्र वास्तू, निजायला रेशमी गाद्या, देखभालीला नेमलेले खोजे, रोजचे फिरणे आणि ठरलेल्या वेळी आंघोळ, अशी व्यवस्था तिने नोंदवली आहे. राजमातेच्या कुत्र्यांपैकी दोघांची तिने सांगितलेली हकिकत येथे विशेष महत्त्वाची ठरते. एक कुत्रा झुपकेदार केसांचा, स्कॉटलंडच्या स्काय टेरिअरसारखा दिसणारा होता. तो राजमातेच्या आज्ञेवर मेल्याचे सोंग घेऊन पडे आणि इतरांनी कितीही हाका मारल्या तरी तिने सांगितल्याखेरीज हलत नसे. दुसरा बदामी रंगाचा देखणा पेकिनीज. त्याला काहीच शिकता येईना म्हणून राजमातेने त्याचे नाव ‘मूर्ख’ असे ठेवले होते, आणि तरीही तो तिचा लाडका होता. तांग दरबारात ज्याची दखलही घेतली गेली नसती असा कुत्रा येथे केवळ रूपावर पहिल्या पंक्तीत बसला होता.

बाहीतले कुत्रे, म्हणजे दरबारी पोशाखाच्या रुंद बाहीत मावतील इतके खुजे कुत्रे, राजमातेला आवडत नसत, कारण गोडधोड आणि दारू पाजून त्यांची वाढ खुंटवली जाते याचा तिला तिटकारा होता, असेही कार्लने लिहिले आहे. पिल्लांना उपाशी ठेवणे, लहान पिंजऱ्यात कोंडणे, नाक चपटे व्हावे म्हणून ते दाबणे अशा अनेक युक्त्या पेकिंगमधील विक्रेत्यांच्या नावावर सांगितल्या जात. त्यांतील काही प्रत्यक्षात आणल्या गेल्या असतील, पण त्यांनी जात घडली नाही. कुत्र्यांच्या लहान आकाराशी ‘आयजीएफ-1’ या जनुकाचे एक विशिष्ट रूप निगडित असल्याचे 2007 मध्ये, आणि आखूड पायांमागे ‘एफजीएफ-4’ या जनुकाची एक जादा प्रत असल्याचे 2009 मध्ये संशोधकांनी दाखवले. उपासमारीने खुजे केलेले पिल्लू पुढच्या पिढीला उपासमार देऊ शकत नाही. टिकले ते निवडीने आलेले गुणधर्म, आणि क्रौर्य बव्हंशी वाया गेले.

कार्लच्या मुक्कामापूर्वी चाळीसहून अधिक वर्षे हा कुत्रा युरोपात पोहोचला होता, तो लुटीच्या मार्गाने. दुसऱ्या अफू युद्धात ऑक्टोबर 1860 मध्ये इंग्रज व फ्रेंच सैन्याने पेकिंगजवळील य्वेनमिंग य्वेन हा उन्हाळी प्रासाद लुटला आणि लॉर्ड एल्गिनच्या हुकुमाने तो जाळण्यात आला. हाच एल्गिन 1862 मध्ये हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होऊन आला. प्रासादात सापडलेली पाच कुत्री इंग्लंडला नेण्यात आली असे सांगितले जाते. त्यांपैकी एक कॅप्टन जॉन हार्ट डन याने राणी व्हिक्टोरियाला भेट दिली, तिचे नाव निःसंकोचपणे ‘लूटी’ असे ठेवण्यात आले, आणि 1861 मध्ये फ्रीडरिश काइल याने तिचे चित्र रंगवले. तिच्या खाण्याविषयीची एक नोंद टिकून आहे: दूध-पाव ती सहसा तोंडात घेत नसे, पण शिजवलेला भात, त्यात थोडी कोंबडी आणि रस्सा कालवून दिल्यास खात असे. राजवाड्यातील खोजांची एवढीच विद्या तिच्याबरोबर समुद्र ओलांडून गेली, आणि तीही कुत्रीच्या हट्टामुळे. 1872 मध्ये ती मरण पावली.

पश्चिमेत यापुढे जे घडले ते कागदावर घडले. ब्रिटिश केनेल क्लबने 1898 मध्ये आणि अमेरिकन केनेल क्लबने 1906 मध्ये या जातीला मान्यता दिली. अशा संस्था प्रत्येक जातीसाठी एक लेखी आदर्श ठरवतात, त्यात वजन, ठेवण, केस, डोळे यांचे वर्णन असते, आणि प्रदर्शनातील पंच त्या आदर्शाशी ताडून बक्षीस देतात. कुत्र्याला काय येते हा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही. आदर्शात चपटे तोंड लिहिले की प्रत्येक पिढीत अधिक चपटे तोंड जिंकते, आणि त्याची किंमत श्वासाने मोजावी लागते: उन्हाळ्यात धाप लागते, बटबटीत डोळ्यांना जखमा होतात, नाकाजवळच्या घड्या रोज पुसाव्या लागतात, दाट केस नियमित विंचरले नाहीत तर त्यांच्या जटा होतात, आणि पिल्लांची डोकी मोठी असल्याने मादीला विताना पुष्कळदा शस्त्रक्रिया करावी लागते. पेकिनीजच्या हट्टी स्वभावाची तक्रार त्याचे मालक जितकी करतात तितकी त्याच्या गुदमरण्याची करत नाहीत, हे चमत्कारिक आहे. वास्तविक थकलेला आणि तापलेला कुत्रा शिकवणीला दाद देत नाही, हे शिकवणाऱ्याने आधी ओळखले पाहिजे. सकाळच्या गारव्यात, थोडा वेळ, खाऊ देऊन आणि आवाज न चढवता शिकवले तर हा कुत्रा शिकतो. 2008 मध्ये बीबीसीच्या एका माहितीपटाने जातिवंत कुत्र्यांच्या व्याधींवर झोत टाकल्यानंतर ब्रिटिश केनेल क्लबने पेकिनीजचा आदर्श बदलला आणि त्याचे तोंड नाकासह ठळकपणे दिसले पाहिजे अशी अट घातली.

चीनमध्ये दरम्यान राजवाड्यातील ही परंपरा तुटली होती. 1911 च्या क्रांतीने छिंग सत्ता संपली, जुलै 1923 मध्ये पदच्युत सम्राट पूयीने बहुतेक खोजांना राजवाड्याबाहेर काढले, आणि पुढच्याच वर्षी त्यालाही तेथून निघावे लागले. 1949 नंतर शहरात कुत्रा पाळणे हे सरंजामी चैनीचे लक्षण मानले गेले आणि छोट्या कुत्र्यांची पैदास जवळपास थांबली. 1990 च्या दशकात नागरिकांच्या हाती पैसा आला तशी कुत्री परतली, आणि 1995 मध्ये पेइचिंग (पूर्वीचे पेकिंग) महापालिकेने नियम केला की शहराच्या मुख्य भागात एका घराला एकच, 35 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचा कुत्रा ठेवता येईल. त्याची पहिल्या वर्षाची नोंदणी फी 5000 युआन होती. ती अनेकांच्या आवाक्याबाहेर असल्याने नोंदणी न केलेल्या कुत्र्यांना पहाटे किंवा रात्री उशिरा बाहेर काढले जाई, आणि त्यांत या मापात सहज बसणारे पेकिनीज मोठ्या संख्येने होते. 2003 मध्ये ही फी 1000 युआनपर्यंत खाली आणण्यात आली. उंचीची मर्यादा मात्र कायम राहिली.