एकच मथळा, दोन निबंध: जॉन स्नोनं काय बदललं?

आज समोर सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर विद्यार्थी बरेच दिसताहेत. त्यांतल्या निम्म्यांना यंदा प्रबंध द्यायचाय, असं मघाशी चहाच्या वेळी कळलं. म्हणून ठरलेला विषय जरा त्या अंगानं मांडतो. विषय तोच आहे, लंडनमधला कॉलरा आणि डॉ. जॉन स्नो. पण पंपाच्या हँडलची गोष्ट मी आज आधी सांगणार नाही, ती तुम्हाला पाठ आहे. मला बोलायचंय ते स्नोच्या लिखाणाबद्दल.

कॉलऱ्याचा प्रसार कसा होतो या विषयावर स्नोनं एकाच मथळ्याखाली दोनदा लिहिलं. १८४९ साली एक छोटी पुस्तिका आणि १८५५ साली दीडशेहून अधिक पानांचं पुस्तक. मूळ म्हणणं दोन्हीकडे एकच: रोगाचं विष रोग्याच्या मळातून पाण्यात जातं, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात जातं. म्हणजे बरोबर उत्तर त्याच्याकडे १८४९ मध्येच होतं. मग सहा वर्षं कशासाठी घालवली?

त्या काळी बहुतेक डॉक्टर मानत होते की कॉलरा दूषित हवेतून होतो. घाण साठते, दुर्गंधी सुटते, ती श्वासावाटे आत जाते. स्नोचा १८४९ चा युक्तिवाद सुरू होतो शरीरापासून. तो म्हणतो, या रोगाची सुरुवात आतड्यात होते. ताप वगैरे आधी येत नाही. मग विष फुप्फुसातून गेलं असं कशाला मानायचं? ते गिळलं गेलं असणार. याच्या पुष्ट्यर्थ त्यानं दक्षिण लंडनमधल्या काही वस्त्या दाखवल्या. हॉर्सलीडाउनमध्ये दोन वाड्या अगदी शेजारी-शेजारी होत्या. एकीत सांडपाणी विहिरीत झिरपत होतं आणि तिथं माणसं पटापट गेली. दुसरीत कॉलरा जवळजवळ नव्हताच.

वाचायला छान वाटतं. पण लंडनच्या एका वैद्यकीय साप्ताहिकातल्या परीक्षकानं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की ही कल्पना आहे, पुरावा नाही. खरी कसोटी हवी असेल तर ते पाणी दूर अशा गावी न्यायला हवं जिथं कॉलरा नाही. जे पितील त्यांना रोग झाला आणि जे पिणार नाहीत ते वाचले, तरच मानू.

आपल्यापैकी पुष्कळजण अशा शेऱ्यावर रागावतात. माझ्या स्वतःच्या प्रबंधाचा पहिला खर्डा मार्गदर्शकांनी समासात एकच शब्द लिहून परत केला होता: ‘छेद?’ किती माणसं आजारी पडली ते मी पानोपानी लिहिलं होतं, पण कितींपैकी, ते कुठंच नव्हतं. आठवडाभर मी त्यांच्याशी नीट बोललो नाही. स्नो त्या परीक्षकावर रागावला की नाही, ते सोडा. पुढं त्यानं जे गोळा केलं ते मात्र त्या शेऱ्याला उत्तर असल्यासारखं आहे.

दक्षिण लंडनमध्ये दोन खासगी कंपन्या नळानं पाणी देत होत्या, साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल आणि लॅम्बेथ. दोघी थेम्स नदीचंच पाणी घ्यायच्या, शहराच्या गटारांसकट. १८५२ मध्ये लॅम्बेथ कंपनीनं पाणी उचलण्याची जागा वरच्या अंगाला, थेम्स डिटनला नेली. दुसरी कंपनी होती तिथंच राहिली. गंमत म्हणजे पूर्वीच्या स्पर्धेमुळे एकाच गल्लीत या घराला हिचा नळ, शेजारच्या घराला तिचा. हवा एक, गल्ली एक, गरिबी-श्रीमंती तीच, फक्त पाणी वेगळं. तीन लाखांवर माणसं आपण कुठल्या गटात आहोत हे न कळता विभागली गेली होती. हा प्रयोग स्नोनं केला नाही, तो आपोआप घडला होता. त्यानं तो ओळखला.

१८५४ मध्ये साथ आली, तेव्हा मृतांचे पत्ते त्याला विल्यम फार यांच्याकडून मिळाले. फार जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयातले मोठे सांख्यिकीतज्ज्ञ. ते स्वतः हवेच्या बाजूचे. नदीच्या पातळीपासून जितकं उंच, तितका कॉलरा कमी, असं त्यांनी आधीच्या साथीच्या आकड्यांवरून दाखवलं होतं. तरी त्यांनी स्नोला पत्ते दिले, हे मला फार मोठं वाटतं.

मग स्नो दारोदार फिरला. अडचण अशी, की पाणीपट्टी घरमालक भरायचा, त्यामुळे भाडेकरूला कंपनीचं नाव माहीत नसायचं. यावर त्यानं काढलेला तोडगा पाहा. नमुन्यात सिल्व्हर नायट्रेट घालायचं. थेम्स डिटनच्या पाण्यात दर गॅलनला एक ग्रेनपेक्षाही कमी मीठ निघे, दुसऱ्या कंपनीच्या पाण्यात जवळपास ३८ ग्रेन. बाटली बघूनच उत्तर कळायचं. तुमच्या भाषेत हे ‘अभ्यासपद्धती’चं प्रकरण. प्रस्तावना, पद्धती, निष्कर्ष, चर्चा ही चौकट वैद्यकीय नियतकालिकांत रुजली विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. स्नोसमोर तिचा नमुना नव्हता. पण वाचकाला ‘तुम्हाला हे कसं कळलं?’ असं विचारावं लागणार नाही, याची त्याला पक्की जाण होती.

पहिल्या चार आठवड्यांतले मृत्यू ३३४. पैकी २८६ साउथवर्क अँड व्हॉक्सहॉलच्या घरांत, १४ लॅम्बेथच्या. २२ जण थेट नदीत बादली बुडवून पाणी घेणारे, ४ पंपाच्या विहिरींचं, ४ ओढ्या-नाल्यांचं. आणि ४ जणांचा पत्ता लागला नाही. ही शेवटची ओळ नीट बघा. ते चार मृत्यू त्यानं लपवले नाहीत, कुठल्या सोयीच्या रकान्यातही ढकलले नाहीत.

सात आठवड्यांच्या तक्त्यात छेद येतो. एका कंपनीची ४०,०४६ घरं आणि १,२६३ मृत्यू, म्हणजे दर दहा हजार घरांमागे ३१५. लॅम्बेथची २६,१०७ घरं आणि ९८ मृत्यू, दर दहा हजारांमागे ३७. उरलेल्या लंडनमध्ये ५९. वादाचं वजन या तीन ओळींवर आहे. छेदात एक उणीव होती. प्रत्येक भागात कोणत्या कंपनीची किती घरं, हे त्याला तेव्हा वेगवेगळं मिळालं नव्हतं. ते आकडे सरकारी अहवालातून आल्यावर १८५६ मध्ये त्यानं पुन्हा हिशेब मांडून छापला.

आणि पंप? ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचं हँडल ८ सप्टेंबर १८५४ रोजी काढलं. आपण सांगतो, हँडल काढलं आणि साथ थांबली. स्नो तसं लिहीत नाही. लोक घाबरून पळाल्यामुळे साथ आधीच ओसरत होती, असं तो स्वतःच नमूद करतो. टाळ्या मिळवण्याची जागा होती ती, त्यानं सोडून दिली. त्याऐवजी त्यानं हॅम्पस्टेडजवळच्या एका वृद्ध विधवेची नोंद दिली. तिला ब्रॉड स्ट्रीटचं पाणी आवडायचं, म्हणून ती ते गाडीतून रोज मागवायची. ती कॉलऱ्यानं गेली. तिच्याकडे येऊन तेच पाणी प्यायलेली भाची इस्लिंग्टनला परतली आणि तीही गेली. त्या दोन्ही ठिकाणी तेव्हा कॉलरा नव्हता. १८४९ चा तो परीक्षक आठवतोय ना?

पुस्तकाच्या शेवटी उपाय आहेत, आणि तेही घरगुती: रोग्याच्या खोलीत हात धुण्याचं भांडं, पाणी आणि टॉवेल ठेवा, पाणी गाळून उकळा. खर्च दोनशे पौंडांच्या वर झाला, वसूल जेमतेम तितके शिलिंग झाले नाहीत, असं त्याच्या मित्रानं लिहून ठेवलंय. सरकारी चौकशी समितीनं त्याचं म्हणणं फेटाळलं. १८५८ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, स्नो वारला.

१८६६ मध्ये कॉलरा पुन्हा आला, पूर्व लंडनमध्ये. या वेळी फार यांनी मृत्यूंची यादी पाणी कंपन्यांप्रमाणे लावली. ईस्ट लंडन कंपनीच्या भागात आकडे उसळलेले दिसले, आणि त्यांनी उंचीचा सिद्धांत बाजूला ठेवून पाण्याला दोष दिला.