इंजिनातील गळती : एका परीक्षेचा इतिहास

हैदराबादकडून नागपूरला जाणारी मोटार निर्मळ सोडल्यावर घाट चढते आणि मग नेरडीगोंड्याला पोहोचते. हा सारा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात, पुढे त्याच नावाच्या राज्यात होता. याच आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे मराठी तालुके त्या वर्षी मुंबई राज्यात आले. संस्थानात निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी मोटार वाहतूक सुरू केली. सपाट रस्त्यावर झाकून राहणारा इंजिनाचा अशक्तपणा घाटात उघडा पडतो, हे तेव्हापासून आजपर्यंतच्या प्रत्येक चालकाला ठाऊक आहे. हा अशक्तपणा पुष्कळदा एकाच कारणाने येतो : सिलिंडरात कोंडलेला दाब कोठून तरी निसटतो.

हे दुखणे मोटारीपेक्षा फार जुने. १७१२ साली न्यूकोमेनने आपल्या वाफेच्या यंत्रात दट्ट्याला चामडे लावले व त्यावर पाणी सोडून फट बुजविली. जेम्स वॉटला मात्र सिलिंडर गरम ठेवावयाचा असल्याने पाणी चालेना. बूच, तेलात बुडविलेल्या चिंध्या, काथ्या, इतकेच काय पण जुन्या टोप्याही त्याने दट्ट्याभोवती कोंबून पाहिल्या! अखेर तोफा कोरणाऱ्या विल्किन्सनच्या यंत्राने त्याला तारले. ५० इंच व्यासाच्या सिलिंडरात जुन्या शिलिंगच्या जाडीइतकीही चूक राहिली नाही, असे वॉटच्या भागीदाराने, बोल्टनने, समाधानाने लिहून ठेवले आहे. पुढे १८५२ साली रॅम्सबॉटमने दट्ट्याला फटीची, आपल्याच ताणाने भिंतीला चिकटून राहणारी धातूची कडी बसविली. तीच आजची पिस्टन रिंग होय.

गळती ओळखण्याची जुनी रीत हाताची होती. प्लग काढून भोकावर अंगठा धरावयाचा आणि हॅन्डल फिरवावयाचे. दाबमापक आले तरी ते दाब किती उरला एवढेच सांगत. तो गेला कोठून, हे सांगत नसत. सिलिंडरात थोडे तेल ओतून पुन्हा दाब मोजावा, वाढला तर दोष रिंगांचा, ही युक्ती त्यातूनच निघाली.

गळतीमापकाने हा प्रश्न उलटा केला. दट्ट्या दाबाच्या फेरीत अगदी वर आणून, दोन्ही झडपा मिटलेल्या असताना, प्लगच्या भोकातून बाहेरूनच हवा भरावयाची. एका तबकडीवर १०० पौंड आणि बारीक छिद्रापलीकडच्या दुसरीवर ८५ दिसले, तर गळती शेकडा १५. गरम इंजिनात शेकडा १० पर्यंत उत्तम, २० पर्यंत चालण्याजोगी आणि ३० च्या वर चिंतेची, असा साधारण संकेत आहे. परंतु छिद्राचा आकार बदलला की आकडाही बदलतो. म्हणून एका उपकरणाचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहणे व्यर्थ. दट्ट्या थोडा जरी खाली राहिला तर हवा इंजिनच फिरवून टाकते, आणि झडप उघडी असल्यास निष्कर्षच खोटा ठरतो.

खरे पाहता आकड्यापेक्षा कान महत्त्वाचा. तेल ओतण्याच्या तोंडाशी फुसफुस ऐकू आली तर हवा रिंगांवरून जाते. सायलेन्सरमध्ये आली तर धुराच्या झडपेतून. कार्ब्युरेटरपाशी आली तर आत घेणाऱ्या झडपेतून. रेडिएटरात बुडबुडे दिसले तर गॅस्केट फुटले किंवा हेडला तडा गेला असे समजावे. आडरस्त्यावरील टॅक्सीमालकाला हा भेद फार मोलाचा आहे. झडपेसाठी केवळ हेड उतरवून भागते; रिंगांसाठी दट्ट्ये बाहेर काढावे लागतात, आणि तितके दिवस गाडी उभी, मिळकत बंद.

विमानांच्या इंजिनांत हीच परीक्षा बहुधा ८० पौंडांवर घेतात. तेथील कारागिरांनी एक मार्मिक गोष्ट लक्षात आणून दिली आहे. रिंगा चालत्या इंजिनात दाबानेच भिंतीला घट्ट बसतात, म्हणून उभ्या इंजिनातील त्यांची गळती काहीशी क्षम्य. झडपेला मात्र मिटल्यावर पूर्णच मिटावयाचे असते, तेथील फुसफुस थोडी असली तरी क्षम्य नव्हे. तेव्हा रिंगांतून शेकडा २० गळणारे इंजिन धुराच्या झडपेतून १२ गळणाऱ्या इंजिनापेक्षा पुष्कळदा अधिक दिवस चालते. आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच गळत असतील, एकात भरलेली हवा दुसऱ्याच्या प्लगच्या भोकातून बाहेर येत असेल, तर रिंगा व झडपा दोन्ही सोडून त्या दोहोंमधली गॅस्केटची पट्टी आधी पाहावी.