जमिनीवरचे सुकाणू

उपग्रह सुटतो तेव्हा साऱ्या देशाचे डोळे श्रीहरिकोट्याकडे लागलेले असतात. प्रक्षेपकाचे काम वीस-पंचवीस मिनिटांत आटोपते, टाळ्या पडतात, थेट प्रक्षेपण संपते. उपग्रहाचे आयुष्य मात्र तिथून सुरू होते आणि पुढची दहा-बारा वर्षे ते जमिनीवर बसलेल्या माणसांच्या हाती असते. ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर उपग्रहांसाठी ‘इस्रो’ची अशी दोन ठाणी आहेत. पहिले कर्नाटकातल्या हसनला १९८२ साली उभे राहिले. दुसरे २००५ साली भोपाळला आले. मास्टर कंट्रोल फॅसिलिटी हे त्यांचे नाव.

तिथले काम कधीच सुटी घेत नाही. सूर्य आणि चंद्र यांच्या ओढीने उपग्रह आपली जागा सोडू लागतो. ठरावीक काळाने छोटे थ्रस्टर पेटवून त्याला परत आणावे लागते. दर ज्वलनामागे थोडे इंधन जाते आणि उरलेल्या इंधनावरच उपग्रहाचे उरलेले आयुष्य ठरते. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास तो रोज पृथ्वीच्या सावलीत शिरतो. हे ग्रहण जास्तीत जास्त ७२ मिनिटांचे असते, पण तेवढा वेळ सगळा भार बॅटरीवर असतो. नवा उपग्रह सुटला की त्याचे मोठे इंजिन टप्प्याटप्प्याने पेटवून लंबवर्तुळाकार कक्षा गोल करण्याची जबाबदारीही याच लोकांवर पडते.

ही विद्या भारताने ठेचा खात मिळवली.

१९ जून १९८१ रोजी युरोपच्या एरियन प्रक्षेपकाने ‘ॲपल’ हा भारताचा पहिला प्रायोगिक संपर्क उपग्रह वर नेला. चाचणीच्या वेळी बैलगाडीवर ठेवलेल्या ॲपलचे छायाचित्र सर्वांनी पाहिले आहे. वर गेल्यावर त्याच्या दोन सौरपंखांपैकी एक उघडलाच नाही, ही गोष्ट तितकी परिचित नाही. आर. एम. वासगम यांच्या चमूने हा अर्ध्या पंखांचा उपग्रह दोन वर्षांहून अधिक काळ चालवून दाखवला. अमेरिकेत बांधलेला ‘इन्सॅट-१ए’ १० एप्रिल १९८२ रोजी सुटला. तो सात वर्षे चालेल अशी अपेक्षा होती. दिशा सांभाळण्याचे इंधन संपल्याने तो अकालीच सोडून द्यावा लागला. पाठोपाठ ऑगस्ट १९८३ मध्ये ‘चॅलेंजर’ या अवकाशयानातून ‘इन्सॅट-१बी’ गेला आणि त्याचाही सौरपंख अडकला. नियंत्रकांनी हार मानली नाही. सप्टेंबरच्या मध्यावर पंख सुटला, उपग्रह कामाला लागला आणि १९८०च्या दशकात गावोगावी पोहोचलेल्या दूरदर्शनला त्याने आकाशात आधार दिला. तो पंख अडकलेलाच राहिला असता, तर तो आधार लाभला नसता.

पुढच्या वीस वर्षांत उपग्रह वाढले. दूरचित्रवाणी, दूरध्वनी, बँकांचे व्यवहार, चक्रीवादळांचे इशारे, सगळे त्यांच्यावर विसंबू लागले. इतकी सूत्रे एकाच गावात ठेवणे धोक्याचे होते. हसनला काही बिघडले तर कारभार हाती घेणारे दुसरे ठाणे हवे, म्हणून भोपाळची निवड झाली. हे शहर साधारण ७७.४ अंश पूर्व रेखांशावर आहे. भारताचे बहुतेक भूस्थिर उपग्रह ४८ ते ९३.५ अंशांच्या दरम्यान पसरलेले असल्याने ते भोपाळच्या आकाशात क्षितिजाच्या बरेच वर येतात. पुढे २०१३ पासून सुटू लागलेल्या ‘नाविक’ मालिकेतल्या दिशादर्शक उपग्रहांची सूत्रेही हसन आणि भोपाळकडेच आली.

दुसरी व्यवस्था तयार ठेवण्याचे मोल या शहराला कोणी शिकवायला नको. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हा टाक्या थंड ठेवणारी यंत्रणा, वायू धुणारी यंत्रणा आणि तो जाळणारा मनोरा यांपैकी काहीच कामी आले नाही. हजारो माणसे गेली. त्याच शहरात आज असे एक ठाणे आहे, की दुसरीकडची यंत्रणा बंद पडली तर आपण तयार असावे, हेच त्याच्या अस्तित्वाचे कारण आहे.

भोपाळपासून उज्जैन फार लांब नाही. तिथले मंगळनाथ हे परंपरेने मंगळाचे जन्मस्थान मानले जाते. जयपूरच्या राजा सवाई जयसिंगाने बांधलेली आणि ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांनी १९२३ साली दुरुस्त करवून घेतलेली वेधशाळाही तिथेच आहे. माळव्याने शतकानुशतके ज्या ग्रहाचे वेध घेतले, त्याच्याभोवती फिरणारे यान भारताने ५ नोव्हेंबर २०१३ रोजी सोडले. मंगळयानाची सूत्रे भोपाळकडे नव्हती. ती बंगळूरच्या ‘इस्ट्रॅक’ केंद्रातून हलवली जात होती आणि ब्यालालू इथल्या ३२ मीटर व्यासाच्या अँटेनातून आज्ञा जात होत्या. पण त्या मोहिमेत जे करावे लागले, त्यातल्या बऱ्याच गोष्टींची तालीम हसन आणि भोपाळच्या कामात आधीच झालेली होती. यानाचे ४४० न्यूटनचे इंजिन ‘इन्सॅट-२’ मालिकेपासून भूस्थिर उपग्रहांत वापरात होते. आणि यानाच्या सांगाड्याचा नमुना आधी ‘कल्पना-१’ या हवामान उपग्रहात वापरून झाला होता.

पृथ्वीभोवती कक्षा उंचावताना ११ नोव्हेंबरला पहिली अडचण आली. यान एक लाख किलोमीटरपर्यंत जायचे होते, ते ७८,२७६ किलोमीटरवरच थांबले. दुसऱ्याच दिवशी जादा ज्वलन करून ते १,१८,६४२ किलोमीटरवर नेले गेले. बिघाड ओळखून एका दिवसात दुरुस्ती करणे हे पाठ्यपुस्तकातून येत नाही. ते उपग्रह हाताळून हाताळूनच अंगवळणी पडते.

१ डिसेंबर २०१३ला यान मंगळाच्या वाटेला लागले. त्यानंतर मोठे इंजिन सुमारे ३०० दिवस झोपलेले होते. २२ सप्टेंबर २०१४ रोजी ते चार सेकंद पेटवून पाहिले, ते पेटले. २४ सप्टेंबरच्या सकाळी ७ वाजून १७ मिनिटांनी खरी परीक्षा सुरू झाली. पृथ्वीवरून निघालेल्या आज्ञेला तिथे पोहोचायला साडेबारा मिनिटे लागत होती, म्हणून सगळ्या आज्ञा काही दिवस आधीच यानाच्या संगणकात भरून ठेवल्या होत्या. इंजिन पेटत असतानाच यान मंगळाआड गेले आणि संपर्क तुटला. इंजिन सुमारे २३ मिनिटे जळले. आठच्या सुमारास यश कळले. नंदिनी हरिनाथ आणि रितू करिधाल या मोहिमेच्या संचालन उपसंचालकांची नावे त्या दिवशी देशभर गेली. नियंत्रण कक्षात कोण बसते, हे बहुतेकांनी पहिल्यांदाच पाहिले.

यान सहा महिन्यांसाठी होते, ते साडेसात वर्षे चालले. भूस्थिर उपग्रहाच्या ७२ मिनिटांच्या ग्रहणापुढे मंगळाची सावली फार लांब होती. जानेवारी २०१७मध्ये २० किलो इंधन खर्चून एक दीर्घ ग्रहण टाळले. एप्रिल २०२२मध्ये साडेसात तासांपर्यंत लांबलेल्या एका ग्रहणानंतर मात्र यानाशी संपर्क तुटला, तो तुटलाच.

या विद्येचा इतिहास आजही बराचसा ती कमावणाऱ्या माणसांच्या स्मरणात आहे. ॲपल आणि इन्सॅट-१बी सांभाळणारी पिढी केव्हाच निवृत्त झाली. अडकलेला पंख सोडवताना काय काय करून पाहिले, कोणता निर्णय का घेतला, हे त्यांच्याकडून विचारून लिहून घ्यायला हवे. हसन आणि भोपाळची ठाणी, तिथली विद्यापीठे आणि विज्ञानलेखक यांनी हे काम हाती घ्यावे. ज्यांच्या घरात किंवा शेजारी अशी निवृत्त माणसे आहेत, त्या वाचकांनीही वही घेऊन त्यांच्यासमोर बसावे.