नावं बदलत गेली, खाज तीच राहिली

आजचा भाग इअरफोन लावूनच ऐकाल, माहितीये. पण ऐकून झाल्यावर आजीशी बोला.

माझी आजी कित्येक वर्षं लघवीच्या जागेची खाज अंगावर काढत होती. "वय झालं, चालायचंच," म्हणायची. तिच्यासाठी वाचायला लागले, तर कळलं, या खाजेलाही इतिहास आहे.

त्या बाहेरच्या भागाला डॉक्टर व्हल्व्हा म्हणतात. 1885 मध्ये प्रागच्या ऑगस्ट ब्राइस्की यांनी तिथल्या आक्रसलेल्या त्वचेला नाव दिलं 'क्राउरोसिस'. पांढरा चट्टा दिसला की म्हणायचे 'ल्यूकोप्लाकिया'. दोन्ही नावं डोळ्यांना दिसतं तेवढंच सांगणारी. आत पेशी बिघडल्यात का, ते कळायचं नाही. मग कॅन्सरच्या धास्तीनं कितीतरी बायकांचा तो सगळा भागच कापून काढला गेला.

1912 मध्ये बोस्टनच्या जॉन बोवेन यांनी त्वचेतली कॅन्सरच्या आधीची अवस्था सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. पुढे 1960च्या दशकात पॅथॉलॉजिस्ट एबेल यांनी व्हल्व्हावर असे दोन प्रकार सांगितले. बोवेनसारखा प्रकार ठळक दिसतो. त्यामागे बहुधा एचपीव्ही विषाणू असतो, हे नंतर कळलं. दुसरा 'सिम्प्लेक्स'. हा मुख्यतः वयस्कर बायकांमध्ये, लायकेन स्क्लेरोसस या त्वचारोगासोबत येतो.

गंमत नाही, पंचाईत बघा: सिम्प्लेक्स सूक्ष्मदर्शकाखालीही जवळजवळ साध्या त्वचेसारखा दिसतो, म्हणून सहज निसटतो. आणि कॅन्सरकडे लवकर वळतो तो हाच! 2004 मध्ये व्हल्व्हाच्या आजारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं या दोघांना स्पष्टपणे वेगळं केलं. आता पी53 नावाच्या प्रथिनाची तपासणीही मदतीला येते.

पण त्यासाठी आधी तुकडा तर घ्यायला हवा! जागा बधिर करून तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढतात, बस्स. पॅप स्मिअर गर्भाशयाच्या मुखाची असते. ती नॉर्मल आली म्हणून इथलं काही कळत नाही.

आजीचा रिपोर्ट आला: लायकेन स्क्लेरोसस, कॅन्सर नाही. हा आजार असलेल्या बहुतेकींना कॅन्सर होत नाही. पण मलम नियमित लावायचं आणि तपासणी चुकवायची नाही.

न जाणारी खाज, पांढरा चट्टा, भेग, गाठ, न भरणारी जखम असेल, तर दाखवायचं. आजी स्वतःहून सांगणार नाही. आपणच विचारायचं.