सुबाभूळ आणि डुकराचे केस
मेक्सिकोतल्या ओआहाका शहराचं नावच मुळी सुबाभळीच्या जातभाईंवरून पडलंय. स्पॅनिश गलबतांतून हे झाड फिलिपिन्सला गेलं, तिथे ‘इपिल-इपिल’ झालं. उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंनी आपल्याकडे त्याचा प्रसार केला, तेव्हा आम्हीही त्याला कल्पवृक्ष म्हणत होतो! कोणासाठी, हे विचारायचं आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना सुचलं नाही.

पाला वाळवून दळला की प्रथिनांची स्वस्त भुकटी मिळते. पण ती जास्त घातली, की वाढत्या डुकरांचे केस गळतात, वाढ खुंटते. दोष त्यातल्या मिमोसिनचा. ऑस्ट्रेलियाच्या रेमंड जोन्स यांना हवाईतल्या शेळ्यांच्या पोटात त्यावर उतारा असलेले जीवाणू सापडले, गुरांचं भागलं. डुकराला रवंथाचं पोटच नाही. त्याच्या खाद्यात हिराकस मिसळायचं आणि पाल्याचं प्रमाण १० टक्क्यांच्या आत ठेवायचं.