अडलेला गोऱ्हा, अडलेला शिकाऊ

१८७० साली जलंब ते खामगाव हा आठ मैलांचा लोहमार्ग लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुला झाला तो कापसाकरिता; परंतु घाटाखालच्या काळ्या रानांतून तो कापूस खामगावच्या बाजारापर्यंत ओढून आणला बैलांनीच, आणि त्या बैलांमागे धुरेवर बसणारा जो धुरकरी, त्यालाच मी बुलढाणा जिल्ह्यातील वाहनशिक्षकांचा मूळपुरुष समजतो.

कारण बंडी हाकणे हे त्याच्या विद्येचे अर्धे अंग. उरलेले अर्धे म्हणजे कोवळ्या गोऱ्ह्याला जुवाखाली आणणे. त्याच्या जोडीला मुरलेला बैल देत, मागे बंडीऐवजी ओंडका बांधीत, आणि नांगरलेल्या मऊ रानात, जेथे उधळला तरी दमेल आणि पडला तरी लागणार नाही अशा ठिकाणी, त्याला फिरवीत. पराणीला वऱ्हाडात तुतारी म्हणतात. ती हाती असे खरी, परंतु गोऱ्ह्याने बसकण मारली म्हणजे जाणता धुरकरी ती बाजूला ठेवी, कारण मार खाऊन उठलेला बैल पुन्हा त्याच जागी बसतो, हे त्याने पाहिलेले असे. जू उतरावयाचे, पाणी दाखवावयाचे, आणि ऊन कलल्यावर थोडेसेच चालवून, तो नीट चालत असतानाच त्या दिवसाचे शिक्षण आटोपावयाचे. सगळेच धुरकरी इतके शहाणे होते असे मात्र नव्हे. पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्यांच्या खांद्यांना लोणी-हळद लागे, त्यांतील कित्येकांच्या पुठ्ठ्यांवर आरेचे वण असत.

मोटार आली आणि ही परंपरा काही काळ खंडित झाली. शिकण्याची वाट किन्नरकीतून जात असे: गाडी धुणे, चाकाला उटी लावणे, पाने पुसणे, आणि उस्तादाची मर्जी असेल त्या दिवशी सपाट सडकेवर घटकाभर चक्र हाती धरणे. शिव्यांना तोटा नसे. एक पोरगा पळाला तर दुसरा मिळत असल्यामुळे चिडलेल्या शिष्याची समजूत घालण्याचे उस्तादाला प्रयोजनच नव्हते. ते निर्माण झाले फी मोजून शिकणारा शिष्य आला तेव्हा.

१९३९ चा मोटार वाहन कायदा, त्याच्या जागी आलेला १९८८ चा, आणि १९८९ चे केंद्रीय नियम यांनी हा व्यवहार क्रमाक्रमाने कचेरीच्या दप्तरात आणला. मोटार-शाळेतला शिक्षक दहावी उत्तीर्ण व ५ वर्षे वाहन चालविलेला असावा, हलक्या खाजगी वाहनाचे शिक्षण २१ दिवसांहून व प्रत्यक्ष चालविणे १० तासांहून कमी नसावे, शिकविण्याच्या मोटारीत शिक्षकालाही गाडी आवरता येईल अशी दुहेरी यंत्रणा असावी, अशा या शर्ती. सहनशीलता यांत कोठे नाही, आणि असावी तरी कोणत्या रकान्यात? मला वाटते, त्या दुसऱ्या ब्रेकनेच ते काम नकळत केले. पुष्कळसा आरडाओरडा भयाचा असतो, आणि पायाखाली ब्रेक असला म्हणजे भय उरत नाही.

बुलढाण्याहून मलकापूरकडे उतरणारा राजूर घाट परतताना चढावा लागतो. चढावर गाडी बंद पडते, मागून एसटीचा भोंगा वाजतो, शिकाऊ हाफ क्लच विसरतो, आणि ती दुसऱ्यांदा बंद पडताच चक्रावरचे हात काढून ‘मला नाही जमत’ म्हणून मोकळा होतो. जुना शिक्षक अशा वेळी हँडब्रेक ओढतो, मागच्या गाडीला हात दाखवून पुढे जाऊ देतो, आणि यंदा कापूस किती वेचला असे काहीतरी विचारतो. मग स्वतः चक्र घेऊन तो चढ पार करतो, माथ्यावरच्या सपाटीला शिकाऊला पुन्हा बसवितो, फर्लांगभर गाडी नीट चालली की तेथेच ती थांबवावयास सांगतो, आणि उद्या सकाळी लवकर ये म्हणतो.